दिवाणाखालची जागा: घरातल्या वस्तूंची फोटोमालिका करताना

ठाण्यातल्या वन बीएचकेत दिवाण नुसता बसायला नसतो. सकाळी त्यावर वर्तमानपत्र पसरतं, दुपारी दांडीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग येतो, संध्याकाळी तिथेच अभ्यास आणि रात्री आजीची गादी. खाली तांदळाचा डबा, पितळी भांड्यांचं पोतं, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या. नवखा फोटोग्राफर 'घर' हा विषय घेतो आणि शंभर वस्तूंचे शंभर फोटो काढून मोकळा होतो. फोटो वाईट नसतात, पण मालिका होत नाही. ही जागा कोणाची, आणि किती वाजेपर्यंत, असा प्रश्न घेतला की मालिकेला पाठीचा कणा येतो. लहान घरात वस्तूला कायमची जागा क्वचितच असते. तिचं सरकणं टिपता आलं, तर माणूस चौकटीत नसला तरी दिसतो.

म्हणून सुरुवात एकाच कोपऱ्यापासून करा. एक चौकट, दिवसातून चार वेळा, सलग सात दिवस, म्हणजे २८ फोटो. सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री १० या वेळा बहुतेक घरांना लागू पडतात. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली फरशीवर रंगीत टेप चिकटवा आणि लेन्सची उंची फुटपट्टीने मोजून वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी चौकट बोटभर जरी हलली, तरी शेजारी लावलेल्या फोटोंमध्ये नजर खुर्ची कुठे गेली हे सोडून भिंत का हलली हे बघत बसते. झाडूवाल्या हातांना टेपबद्दल आधी सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती गेलेली असते.

आवरू नका. कॅमेरा दिसला की घरातली मंडळी पहिल्यांदा टेबलावरचं औषधांचं ताट उचलतात, टीव्हीवर धुतलेलं कव्हर घालतात, चपला सरळ करतात. पहिल्या दोन दिवसांचे फोटो यात वाया जातात हे धरूनच चाला. चौथ्या दिवशी कोणी तुमच्याकडे बघत नाही.

किती लांब, किती उंच

दहा बाय दहाच्या खोलीत मागे सरकायला जागा नसते, आणि सगळी गणितं तिथेच अडतात. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तर समोरची भिंत साधारण ३ मीटरवर. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स या अंतरावरून सुमारे ३.१ मीटर रुंदी घेते, म्हणजे अख्खी भिंत जेमतेम बसते. ५० मिमीमध्ये २.१६ मीटर येते, २४ मिमीमध्ये साडेचार. लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३५ मिमीची हीच रुंदी २ मीटरवर येते. तिथे ३५चं काम २४ मिमी करते. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमीच्या आसपासचा असतो आणि या कामाला तो पुरतो. अल्ट्रावाइड मात्र टाळा. त्यात कडेची बादली अंडाकृती होते, खोली हॉलसारखी मोठी दिसते आणि जागा अपुरी आहे ही मुख्य गोष्टच खोटी ठरते. घोडबंदर रोडवरचे नवे फ्लॅट विकायला काढलेले फोटो असेच असतात. त्या कामात ते चालतं, इथे नाही.

उंची ठरवताना खोलीत कोण कसं वावरतं ते बघा. ओट्याचे फोटो उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून, म्हणजे चार फुटांवरून. जमिनीवर बसून निवडणं-टिपणं चालतं तिथे अडीच फूट. कॅमेरा वर किंवा खाली वाकवला की कपाटाच्या उभ्या कडा एकमेकींकडे झुकतात, म्हणून तो समपातळीत ठेवा आणि नको असलेली फरशी नंतर कापा. पडद्यावर ग्रिडच्या रेषा दिसतील अशी सोय जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असते.

उजेड

फोटो बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण मिसळलेला उजेड. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: खिडकीतून येणारा उजेड ५५०० ते ६५०० केल्विनचा, स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब २७०० ते ३०००चा. एकाच भांड्याची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी झाली की ते नंतर दुरुस्त होत नाही, कारण एक रंग सावरला की दुसरा बिघडतो. एक स्रोत निवडा, दुसरा बंद करा. रात्रीचं दृश्य हवं असेल तर घरात रोज लागतो तोच दिवा ठेवा आणि पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) त्यावरच ठरवून कुलूपबंद करा. ऑटोवर ठेवलात तर २८ फोटोंमध्ये भिंतीचे २८ रंग मिळतील.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/१०० सेकंद, १/५० किंवा त्याहून सावकाश ठेवलं की पट्टे येत नाहीत. १/२५० वर स्वस्तातले एलईडी हमखास आडव्या काळपट पट्ट्या देतात.

उन्हाचंही गणित करून ठेवावं. ठाणे साधारण १९ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि वर छज्जा नसेल, तर ऊन जवळपास साडेसहा फूट आत येतं. दिवाणाचा निम्मा भाग उजळतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला सरकलेला असतो. वर्षभर मऊ उजेड देणाऱ्या उत्तरेच्या खिडकीत तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, आणि जूनच्या ढगांआधीचे ते दोन-तीन आठवडे हातचे घालवू नयेत. पावसाळ्यात बाल्कनीला निळी ताडपत्री लागली की खोलीभर निळी छटा पसरते. ती काढायच्या भानगडीत पडू नका, नवी मुंबईतल्या कित्येक घरांचा पावसाळा त्याच रंगाचा असतो.

खुणा टिपायच्या असतील तर उजेड बाजूने घ्या. ठाण्यातल्या नौपाड्यासारख्या भागात जुन्या इमारती पुनर्विकासाला जाताना घरं रिकामी होतात. तेव्हा कॅलेंडर काढलेल्या जागी भिंतीवर कमी मळलेला चौकोन राहतो, वर खिळा, खिळ्याखाली कागद घासून उमटलेली अर्धवर्तुळाकार रेघ. समोरून फ्लॅश मारला तर यातलं काहीच येत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरली की रंगाचे पापुद्रे, पोपडे, खिळ्याचं भोक सगळं उठून दिसतं. ट्रायपॉडवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ आणि शटर एक ते दोन सेकंद, इथून सुरुवात करा.

खोलीचाच कॅमेरा

नवख्यांनी एकदा तरी करावाच असा हा प्रयोग, कारण त्यातून खिडकी म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसतं. खोली पूर्ण अंधारी करून खिडकीत एक छोटं भोक ठेवलं की समोरच्या भिंतीवर बाहेरचं दृश्य उलटं उमटतं. क्यूबात जन्मलेले अमेरिकन फोटोग्राफर अबेलार्दो मोरेल यांनी १९९१ पासून अशा खोल्यांचे फोटो काढले, आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. घोडबंदर रोडवरच्या घरात हे केलं तर गाड्या छताजवळून धावतात आणि आकाश दिवाणावर उतरतं.

खिडकी अशी निवडा की समोरच्या इमारतीवर ऊन पडलेलं असेल, म्हणजे पश्चिमेची खिडकी असेल तर सकाळ. पावसाळ्यात लागणारं जाड काळं प्लॅस्टिक दुहेरी करून खिडकीच्या आतल्या चौकटीवर रुंद टेपने लावा. मधोमध दोन इंची चौकोन कापा, त्यावर काळ्या चार्ट पेपरचा तुकडा चिकटवा आणि त्या कागदात १० मिमीचं गोल भोक पाडा. भोक थेट प्लॅस्टिकमध्ये पाडलं तर कडा फाटतात आणि प्रतिमा फिसकटते. तीन मीटरवरच्या भिंतीवर १० मिमीच्या भोकाने येणारी प्रतिमा किंचित मऊ, पण ओळखू येण्याइतकी उजळ असते. ५ मिमी केलं तर ती रेखीव होते, पण उजेड एक चतुर्थांश उरतो आणि वेळ चौपट लागतो.

इथे फसगत ठरलेली असते. सरकत्या खिडकीच्या रुळातून, दाराखालच्या फटीतून आणि एसीच्या पाइपभोवतीच्या भोकातून उजेड गळतो. राउटरचा हिरवा दिवा अंधारात भिंतभर दिसतो, त्यालाही टेप. भिंत गडद रंगाची असेल तर पांढरी चादर ताणून लावा. पंखा सुरू असेल तर प्लॅस्टिक फडफडतं, म्हणून मेमध्ये हा उद्योग नको, डिसेंबर-जानेवारी बरा. आत गेल्यावर डोळे सरावायला दहा मिनिटं द्या. पहिल्या मिनिटात काहीच दिसत नाही म्हणून भोक मोठं करणारे बरेच असतात. टॉर्च लावून भिंतीवर फोकस करा, मॅन्युअलवर टाका, टॉर्च बंद. पांढऱ्या भिंतीवर आयएसओ ८००, एफ/४ आणि ३० सेकंद ही सुरुवात, मग निकाल बघून दुप्पट-निम्मं. मोबाइलमध्ये शटर हाताने ३० सेकंदांपर्यंत नेता येत असेल तर त्यानेही होतं, फक्त फोन कशाला तरी घट्ट टेकवा आणि टायमर लावा.

बाहेरचा निवारा

दाराबाहेरही हाच विषय आहे: जिन्यातली चपलांची मांडणी, ग्रिलच्या पिंजऱ्यात ठेवलेली तुळस, सोसायटीच्या गेटवरची वॉचमनची खुर्ची. तुटलेल्या पायाला तार, पाठीला नायलॉनची दोरी, वर उशीचा अभ्रा. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन फोटोग्राफर दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या आणि कारखान्यांचे मनोरे एकाच शिस्तीत टिपले: ढगाळ उजेड, समोरून, चौकटीत आकार सारखा. तीच शिस्त खुर्च्यांना लावा. अंतर अडीच मीटर, उंची तीन फूट, खुर्ची रिकामी. तीस खुर्च्या झाल्या की फरक बोलायला लागतात. एखाद्या खुर्चीवर ऊन पडलेलं असेल तर ती पुन्हा काढा, कारण एकटं ऊनही सगळी रांग मोडतं.

घर कसं वाढतं हे बघायचं असेल तर नवी मुंबईत सीबीडी बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात तिथे सात-सात घरं सुमारे ८ बाय ८ मीटरच्या सामाईक अंगणाभोवती मांडली, आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक न ठेवता कुटुंबाला घर हवं तसं वाढवता येईल अशी सोय ठेवली. लोकांनी ते मनापासून वाढवलं. मूळ उतरतं छप्पर आणि वर चढवलेला स्लॅब शेजारी-शेजारी दिसतात. पण ही राहती घरं आहेत, प्रदर्शन नव्हे. अंगणात शिरण्याआधी विचारा.

परवानगी तोंडी नको. चार ओळींचा मराठी कागद करा: काय टिपणार, कुठे दाखवणार, नाव येणार की नाही, नंतर नको वाटलं तर काढून टाकणार. दोन प्रती, एक त्यांच्याकडे. सोसायटीत सेक्रेटरीला आधी भेटा, वॉचमनला मधे घालून त्याची पंचाईत करू नका. घरातल्या चौकटीत आधार कार्ड, पासबुक, औषधाची चिठ्ठी, दारावरचा नंबर आणि किल्ल्या नसल्याची खात्री करा. किल्लीच्या स्पष्ट फोटोवरून दुसरी किल्ली बनवता येते. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद राहते, फोटो कोणाला पाठवण्याआधी ती काढा.

निवड, छपाई आणि पुढचं

शंभर-दीडशे फोटो झाले की पडद्यावर निवड करू नका. जवळच्या लॅबमधून ४ बाय ६ इंचाचे साधे प्रिंट काढा, फरशीवर पसरा, त्यातले चाळीसेक निवडा आणि आठवडाभर ते भिंतीवर राहू द्या. चाळीसातून पंधरा उरायला हवेत. सुंदर पण एकटा पडणारा फोटो काढणं सर्वांत जिवावर येतं, आणि बहुधा तोच काढायचा असतो. प्रागचे फोटोग्राफर योसेफ सुदेक यांनी आपल्या स्टुडिओच्या एका खिडकीचे फोटो १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं काढले, त्यामुळे दोन महिन्यांत विषय संपला असं वाटलं तर जरा थांबा.

छपाईला ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, धरलं तर १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो १३ बाय १० इंचांपर्यंत नीट जातो. १३ बाय १९ इंचांचा कागद भरायला जवळपास २२ मेगापिक्सेल लागतात. प्रदर्शनासाठी मॅट कॉटन कागद आणि पिगमेंट शाई घ्या. चकचकीत कागदावर गॅलरीचे दिवे उमटतात आणि स्टीलच्या डब्यांच्या फोटोत तर काही दिसतच नाही.

शिकायचंच असेल तर मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत पदवीला फोटोग्राफी विशेष विषय म्हणून घेता येते, आणि एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर परिसरात फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. काम दाखवायची वेळ आली तर पंधरा-वीस फोटोंची एकच मालिका आणि छोटं टिपण न्या. लग्न, जेवण आणि घर असं सगळं एकत्र टाकलं की परीक्षकाला कोणतंच दिसत नाही. पोट या कामावर चालत नाही, हे आधीच मान्य करा. वस्तूंची आणि इंटीरिअरची व्यावसायिक कामं ठाण्या-वाशीत मिळतात, ती घ्यावीत, फक्त तिथली आवराआवरीची सवय घरी आणू नये. मांडणीचा विचार करताना फोटोग्राफर दयानिता सिंग यांच्या लाकडी चौकटी बघा, ज्यांत फोटोंचा क्रम बदलत राहतो. त्यांना फोटोग्राफीचा २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, आणि खाडीकाठच्या घरांत ती लवकर लागते. हवाबंद डब्यात २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. दाण्यांचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून कोरडे करा. एसीतून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

ज्यांच्या घरी फोटो काढले, त्यांना प्रिंट नेऊन द्या. मागे तारीख, वेळ आणि खोली पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.