फायबर नसलेल्या घरात सिम राउटरवर कार्यालय चालवताना

ज्या वाडीपर्यंत फायबर आलेले नाही, किंवा आलेले असूनही पावसाळ्यात फांदी पडली की चार-चार दिवस बंद राहते, तिथे घरून काम करणाऱ्यांना सिमकार्डावर चालणारा फोर-जी किंवा फाइव्ह-जी राउटर चांगला आधार देतो. राउटर किती महाग घ्यावा याचा लोक पुष्कळ विचार करतात. तो ठेवायचा कुठे याचा मात्र करत नाहीत, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक यश तिथेच ठरते.

खरेदीपूर्वी वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे फोनमध्ये घालून हॉटस्पॉटवर काम करून पाहावे. रात्री आठ-नऊच्या सुमारास टॉवरवर गर्दी वाढते, त्या वेळची चाचणी विशेष महत्त्वाची. ज्या कंपनीचे सिम टिकेल तिचे बँड (म्हणजे ती वापरत असलेले रेडिओ लहरींचे पट्टे) राउटरमध्ये आहेत ना, हे तपासावे. आपल्याकडे फोर-जीसाठी ३, ५, ८ आणि ४० हे बँड प्रामुख्याने लागतात, तर फाइव्ह-जीसाठी एन७८ आणि एन२८. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या राउटरमध्ये यांपैकी काही नसण्याची शक्यता असते.

आता जागा. जांभ्याच्या जाड भिंती आणि पत्र्याचे छप्पर सिग्नल अडवतात, म्हणून टॉवरच्या दिशेची वरच्या मजल्यावरची खिडकी आधी पाहावी. सिग्नलच्या काड्यांवर विसंबू नये. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे असतात, ते वाचावेत. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद, आणि ती उणे आकड्यात असल्यामुळे उणे ८५ हे उणे १०५ पेक्षा पुष्कळच चांगले. एसआयएनआर म्हणजे सिग्नलची स्वच्छता. तो वीसच्या आसपास असेल तर उत्तम, शून्याच्या खाली गेला तर काड्या पूर्ण दिसूनही व्हिडिओ कॉल अडखळतो. राउटर फूटभर सरकवावा, मिनिटभर थांबावे, आकडे लिहून घ्यावेत, पुन्हा सरकवावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यात घालवलेली दुपार पुढे रोज उपयोगी पडते.

एवढ्यानेही भागले नाही तर बाहेर अँटेना लावावी. तिची केबल जितकी लांब तितका सिग्नल वाया जातो. म्हणून राउटर अँटेनाजवळच ठेवून तिथून टेबलापर्यंत लॅन केबल आणणे श्रेयस्कर, कारण ती १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. अँटेनाच्या खांबाला अर्थिंग मात्र अवश्य करून घ्यावे.

एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. मोबाइल कंपन्या सहसा अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता (इंटरनेटवरचा ओळख क्रमांक) देतात, त्यामुळे बाहेरून घरातल्या कॅमेऱ्याशी किंवा संगणकाशी थेट जोडणी होत नाही आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवण्याची राउटरमधली सोय) करूनही उपयोग होत नाही. घरातून कार्यालयाच्या व्हीपीएनला (कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये नेणाऱ्या सुरक्षित जोडणीला) जोडले जाण्यात सहसा अडथळा येत नाही. उलट दिशेसाठी, म्हणजे बाहेरून घरात पोहोचण्यासाठी, टेलस्केलसारखे आपली उपकरणे खासगी नेटवर्कमध्ये जोडणारे सॉफ्टवेअर वापरावे.

चांगल्या दर्जाचा व्हिडिओ कॉल तासाला सुमारे एक जीबी डेटा खातो, तेव्हा रोज दीड-दोन जीबी देणारे रिचार्ज दुपारपर्यंतच संपेल. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे लाइट गेल्यावर छोटा डीसी यूपीएसही (राउटरला थेट वीज पुरवणारी बॅटरी) काही तास पुरतो. विकत घेताना व्होल्ट, अँपिअर आणि पिन जुळवून घ्यावी.