कम्युनिटी कॉलेजमध्ये 'प्रोबेशन'चं पत्र आलं, तर काय करावं: कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांसाठी

सत्राचे निकाल लागल्यावर कॉलेजच्या ईमेलवर पत्र येतं की तुमचं 'अकॅडेमिक स्टँडिंग' (अभ्यासातली स्थिती) खालावलं असून तुम्ही प्रोबेशनवर, म्हणजे सुधारण्याच्या ताकिदीवर, आहात. (काही कॉलेजं आता 'प्रोबेशन'ऐवजी 'नोटीस' म्हणतात. नियम तोच.) आपल्याकडे केटी लागली की पेपर पुन्हा देऊन विषय सोडवता येतो, म्हणून बरेच जण 'पुढच्या वेळी बघू' म्हणून हे पत्र बाजूला ठेवतात. इथे तसा फेरपेपर नसतो. विषय पुन्हा घ्यायचा म्हणजे सगळं सत्र पुन्हा बसायचं आणि फीही पुन्हा भरायची. म्हणून पत्र येताच हालचाल करायला हवी. घाबरण्याची मात्र गरज नाही, कारण प्रोबेशन म्हणजे हकालपट्टी नव्हे.

खालची माहिती कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांची आहे. राज्यात अशी ११६ सार्वजनिक कॉलेजं आहेत आणि मुख्य नियम राज्याचे असल्यामुळे सगळीकडे चौकट सारखी आहे. तारखा आणि फॉर्म मात्र प्रत्येक कॉलेजचे वेगळे, ते त्याच कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये पाहावे लागतात.

आधी प्रोबेशन कोणतं ते पाहा

प्रोबेशन दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिला प्रकार गुणांचा: किमान १२ युनिट (विषयाचा भार मोजायचं माप) झाल्यावर एकूण जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) २.०च्या खाली असेल तर. दुसरा प्रगतीचा: किमान १२ युनिटना नाव नोंदवल्यावर त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त युनिटपुढे 'डब्ल्यू' (विषय सोडला), 'आय' (अपूर्ण) किंवा 'एनपी' (नापास) लागलं असेल तर. हे आकडे सेमिस्टरचे, म्हणजे वर्षात दोन मोठी सत्रं असलेल्या पद्धतीचे आहेत. कूपर्टिनोच्या डी अँझासारखं क्वार्टर (छोट्या सत्रांच्या) पद्धतीचं कॉलेज असेल तर १२च्या जागी १८ धरा.

दुसऱ्या प्रकारात हुशार मुलंही अडकतात. १५ युनिट घेतली, जड वाटली म्हणून ८ सोडली आणि उरलेल्या ७ मध्ये सगळीकडे 'ए' मिळवला, तर जीपीए ४.० असतो आणि तरीही प्रोबेशन लागतं.

मग कागद-पेन घेऊन हिशोब करा

'ए'चे ४, 'बी'चे ३, 'सी'चे २, 'डी'चा १ आणि 'एफ'चा शून्य. प्रत्येक विषयाच्या गुणांकाला त्याच्या युनिटनी गुणा, सगळ्यांची बेरीज करा आणि एकूण युनिटनी भागा.

समजा, गणित ५ युनिट 'एफ', इंग्रजी ३ युनिट 'सी', इतिहास ३ युनिट 'बी' आणि व्यायामाचा वर्ग १ युनिट 'ए'. बेरीज ० + ६ + ९ + ४ = १९. भागिले १२ म्हणजे १.५८. २.०साठी २४ हवे होते, ५ कमी पडले. आता पुढच्या सत्रात १२ नवी युनिट घेऊन ही तूट भरायची तर त्या सत्रात सरासरी २.४२ मिळवावी लागेल. त्याऐवजी फक्त गणित पुन्हा घेऊन 'सी' मिळवला तर जुना 'एफ' जीपीएच्या हिशोबातून वगळला जातो आणि नुसत्या त्या एका विषयाने एकूण १.५८ वरून २.४२ होतं. म्हणून माझा आग्रह असतो की पुढच्या सत्रात हौसेचे नवे विषय भरण्याआधी पडलेला मोठा विषय उचलावा. मात्र एक विषय साधारणपणे तीनदाच घेता येतो आणि 'डब्ल्यू' घेऊन सोडलेला प्रयत्नही त्या तिनांत मोजला जातो. तिसऱ्या वेळेआधी ट्युटरिंग सेंटरमध्ये जागा पक्की करा. ते बहुतेक ठिकाणी मोफत असतं.

विषय सोडण्याआधी तिन्ही खिडक्यांवर विचारा

या लेखात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. तुमच्यावर एकाच वेळी तीन वेगळी नियमपुस्तकं लागू असू शकतात आणि एका ऑफिसातला माणूस सहसा दुसऱ्याचं पुस्तक वाचत नाही.

पहिलं पुस्तक कॉलेजच्या स्टँडिंगचं, ते वर पाहिलं. सलग दोन मुख्य सत्रं प्रोबेशनवर राहिलात तर नोंदणीतला अग्रक्रम जातो, म्हणजे हवे ते वर्ग आधीच भरून जातात. फी माफ करणारी 'प्रॉमिस ग्रँट' असेल तर तीही जाते. रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर फी आहे, म्हणजे १२ युनिटना ५५२ डॉलर खिशातून. सुधारणा झालीच नाही तर कॉलेजच्या नियमाप्रमाणे पुढे डिसमिसल (कॉलेजातून काढणं) येतं आणि परत येण्यासाठी अर्ज करावा लागतो.

दुसरं पुस्तक केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचं. हे नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि मोजक्या इतर गटांसाठी. एच-४ (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना ही मदत मिळतच नाही. इथे जीपीएबरोबर वेगही पाहतात: घेतलेल्या युनिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण झालेली हवीत. वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थ्याने १५ पैकी ७ पूर्ण केली, म्हणजे ४७ टक्के, त्यामुळे इथेही तो घसरला. शिवाय सत्राचे ६० टक्के दिवस भरण्याआधी सगळेच विषय सोडले तर मिळालेल्या पैशातला काही भाग परत करावा लागू शकतो.

तिसरं पुस्तक व्हिसाचं, आणि भारतातून एफ-१वर आलेल्यांसाठी हेच सगळ्यात कडक. सत्राला किमान १२ युनिट हवीत आणि त्यांत साधारण एकच ऑनलाइन विषय धरला जातो. नुसत्या प्रोबेशनने स्टेटस मोडत नाही, पण परवानगीविना १२च्या खाली आलात तर मोडतं. परवानगी कॉलेजचा 'डीएसओ' (परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा-नियम पाहणारा अधिकारी) देतो, आणि ती विषय सोडण्याआधी घ्यावी लागते. सुरुवातीला इंग्रजी जड गेली, इथली शिकवण्याची पद्धत नवखी होती किंवा वर्गाची पातळी चुकली, तर एकदा भार कमी करता येतो, तरी निम्मी युनिट ठेवावी लागतात. आजारपणासाठी डॉक्टरांचं पत्र दिल्यास एकूण १२ महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते. एच-४वर असलेल्यांना १२ युनिटची अट नाही, पण २१व्या वर्षी ते स्टेटस संपतं. पुढे एफ-१ घ्यायचा विचार असेल तर आजचं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या ग्रेडची अधिकृत नोंद) तेव्हा सोबत असणार आहे.

एक विषय सोडल्याने जीपीए वाचतो, पण त्याच क्लिकने वेग आणि स्टेटस दोन्ही जाऊ शकतात. म्हणून 'ड्रॉप'चं बटण दाबण्याआधी काउन्सेलर, फायनान्शिअल एड आणि इंटरनॅशनल ऑफिस यांतल्या जी तुम्हाला लागू आहेत त्या सगळ्यांना ईमेलने विचारा. उत्तर लेखी मिळतं आणि पुढे अर्ज करताना उपयोगी पडतं.

कारण तुमच्या हातातलं नव्हतं, तर 'ईडब्ल्यू' मागा

सत्राच्या सुरुवातीच्या ठरावीक तारखेपर्यंत विषय सोडला तर नोंदच राहत नाही. त्यानंतर 'डब्ल्यू' लागतो. पण आजारपण, अपघात, जवळच्या नातलगाचा मृत्यू, घरच्या रुग्णाची मुख्य जबाबदारी, नैसर्गिक आपत्ती अशी कारणं असतील तर 'ईडब्ल्यू', म्हणजे माफ केलेला 'डब्ल्यू' मागता येतो. तो प्रगतीच्या प्रोबेशनमध्ये धरत नाहीत आणि तीन प्रयत्नांतही मोजत नाहीत. हे अनेकांना ठाऊकच नसतं. वडिलांच्या आजारपणासाठी मुलगी पुण्याला धावते, परत येते तेव्हा चारही विषय बुडालेले असतात, आणि ती ते मुकाट्याने आपल्या नशिबावर टाकते. अशा वेळी हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, दुर्दैवाने तशी वेळ आली असेल तर मृत्यूचा दाखला, आणि विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवा. एफ-१वर असाल तर निघण्याआधी डीएसओला कळवा. आर्थिक मदतीचा हिशोब 'ईडब्ल्यू'ने आपोआप सुटत नाही, तिथे वेगळं अपील करावं लागतं.

अर्ज कसा लिहावा

अपील असो की डिसमिसलनंतर परत घेण्याचा अर्ज, समितीला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: काय घडलं, आता काय बदललं, आणि पुढचं सत्र कसं काढणार. आपली मुलं पहिल्यावर दोन पानं खर्च करतात, माफी मागतात, आईवडिलांच्या कष्टांबद्दल लिहितात. भावना खरी असते, पण समितीला त्यातून निर्णय घेता येत नाही. घडलेलं चार-पाच ओळींत, तारखांसह आणि पुराव्यासह लिहा. बदललेलं नेमकं सांगा: 'नोकरीचे तास आठवड्याला ३० वरून १५ केले, दुकानमालकाचं पत्र जोडलं आहे.' मग योजना द्या: कोणते विषय, किती युनिट, ट्युटरिंग कोणत्या वारी. काउन्सेलरबरोबर बसून 'एज्युकेशन प्लॅन' तयार करून तो जोडला तर अर्जाला वजन येतं. काउन्सेलरच्या वेळा सत्राच्या तोंडावर भरतात, म्हणून पत्र आलं त्याच आठवड्यात वेळ घ्या.

शिकण्यातली अडचण, नैराश्य किंवा जुनाट दुखणं हे मूळ असेल तर कॉलेजच्या 'डीएसपीएस' (अपंगत्व किंवा आरोग्याच्या अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या) विभागात नाव नोंदवा. परीक्षेला जादा वेळ, नोट्सची मदत अशा सोयी मिळतात, पण नोंदणीनंतरच. झालेल्या परीक्षेला मागे जाऊन लागू होत नाहीत. मानसिक त्रासाबद्दल घरी बोलणं आजही अनेकांना जड जातं. डीएसपीएसमधली माहिती गोपनीय राहते आणि ट्रान्सक्रिप्टवर येत नाही.

आईबाबांसाठी

मुलाच्या निकालाबद्दल थेट प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊन बोलायची आपली सवय इथे चालत नाही. १९७४च्या 'फेर्पा' या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार कॉलेजात गेल्यावर नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा होतो, मग तो १८ वर्षांचा नसला तरी. तुमचा फोन आला तरी काउन्सेलर सहसा काही सांगणार नाही, आणि यात तुमचा अपमान नाही. मुलाने लेखी संमती दिली तर तुम्ही भेटीला बसू शकता. पण अर्ज त्याला स्वतःला लिहू द्या. मोठ्या माणसाने लिहिलेला अर्ज दुसऱ्या वाक्यात ओळखू येतो.

ग्रेडच चुकीची वाटत असेल तर

आधी प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत) उत्तरपत्रिका आणि सिलॅबस घेऊन जा. कायद्याने प्राध्यापकाची ग्रेड अंतिम असते. अपवाद चूक, फसवणूक, दुर्भावना किंवा अपात्रता यांचा. बेरजेची किंवा नोंदीची चूक दाखवता आली तर ग्रेड बदलते. 'मी खूप मेहनत केली होती' यावर बदलत नाही.

विद्यापीठात ट्रान्सफर करायचं असेल तर रहिवाशांसाठी कॅल स्टेटची (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) किमान जीपीएची अट २.०, यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) २.४. अर्ज करताना शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची नोंद द्यावी लागते, जिथे सगळे 'एफ' पडले तिथलीसुद्धा. दुसऱ्या कॉलेजात नव्याने सुरुवात केली म्हणून पहिलं पुसलं जात नाही, आणि लपवलेलं ट्रान्सक्रिप्ट उघड झालं तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. ते दाखवून, नंतर सुधारलेली सत्रं शेजारी ठेवून, दोन ओळींत कारण सांगता येतं. अर्जात त्यासाठी जागा असते.