खंजिरी भजनाचे फोटो काढायला निघण्याआधी

कोजागिरी झाली की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचे दिवस येतात. गुरुकुंज मोझरीला मोठा महोत्सव भरतोच, पण अमरावती, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी खेड्यांत हनुमान मंदिराच्या सभामंडपात खंजिरी भजनाच्या रात्री होतात. मोठ्या मंचाचे फोटो लांबून मोठी लेन्स लावून निघतात, त्याबद्दल इथे काही सांगायचं नाही. ही तयारी सभामंडपासाठी आहे, जिथे गाणारे आणि ऐकणारे एकाच सतरंजीवर बसतात आणि तुमचा गुडघा पेटीवाल्याच्या गुडघ्याला लागलेला असतो. एकदा खंजिरीवर थाप पडली की तिथे उठबस करायला जागा उरत नाही, आणि असली तरी करू नये. म्हणून निम्मं काम भजनाआधीच उरकलेलं हवं.

पहिली गोष्ट परवानगी. मंडळाच्या अध्यक्षांना आदल्या दिवशी फोन करा. ‘या ना भाऊ, विचारता काय’ असंच उत्तर येईल, पण तेवढ्यावर फोन ठेवू नका. किती मंडळं येणार, कोण आधी बसणार, फोटो फेसबुकवर टाकले तर चालतील का, हे तेव्हाच विचारून घ्या. महिला मंडळ असेल तर त्यांची परवानगी अध्यक्षांकडून घेऊन भागत नाही. त्यांच्यातल्या पेटी धरणाऱ्या किंवा पुढे गाणाऱ्या ताईंना स्वतः भेटून विचारा. मग त्या मोकळेपणाने गातात, आणि ते फोटोत दिसतं.

गावात दिवस मावळायच्या आत पोहोचा. बहुतेक ठिकाणी भजनाआधी सामुदायिक प्रार्थना असते. त्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून सगळ्यांबरोबर बसा. फोटोग्राफर म्हणून हे पटो न पटो, रात्री लोक तुम्हाला किती जवळ येऊ देतील हे बरंचसं इथेच ठरतं.

आता उजेड. सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. सभामंडपात हल्ली एलईडी ट्यूब असतात, गाभाऱ्यात एखादा पिवळा बल्ब, आणि उत्सव म्हणून पळत्या रंगीत दिव्यांच्या माळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर वेगवान केलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आवाज होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर ते आणखी ठळक दिसतात. म्हणून दिवे लागल्याबरोबर समोरच्या भिंतीचे १/१००, १/१२५, १/२५० आणि १/५०० सेकंदाच्या शटरला एकेक फोटो काढून पाहा. पट्टे कुठून सुरू होतात ते लक्षात ठेवा आणि रात्रभर त्याच्या अलीकडे, म्हणजे त्याहून हळू शटरवर राहा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर सोय असेल तर ती चालू करा. आवाजाची फार चिंता नको. पेटी, ढोलक आणि टाळांच्या गजरात साध्या शटरचा खट्ट आवाज कोणाला ऐकू येतो?

ट्यूब गाणाऱ्याच्या बरोबर डोक्यावर असेल तर डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे दिसतात. अशा वेळी डेकोरेशनवाल्या पोराशी दोस्ती कामी येते. त्याच्याकडे जास्तीचा हॅलोजन असतोच. तो चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून लावायला सांगा, म्हणजे परतून येणारा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. भिंत हिरव्या किंवा गुलाबी ऑइलपेंटची असेल तर हा उद्योग करू नका, सगळे चेहरे त्याच रंगाचे होतील. जांभळी-निळी माळ गायकाच्या मागून तेवढी बाजूला सरकवून घ्या. बाकी रंगांची खिचडी नंतर निस्तरता यावी म्हणून फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्येच काढा.

फ्लॅश घरी ठेवा. जॅझच्या फोटोंवर जीव असणारे इथे अमेरिकन फोटोग्राफर हर्मन लेनर्डचं नाव काढतील. त्याने १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबमध्ये काढलेला, सिगारेटच्या धुरात बसलेल्या सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचा फोटो प्रसिद्ध आहे, आणि लेनर्ड फ्लॅशचे दिवे वापरायचा हेही खरं. पण त्याच्याकडून घ्यायचं ते वेगळंच आहे: धूर दिसतो तो उजेड मागून आला तर. आपल्याकडे सिगारेट नाही, पण उदबत्ती आणि धूप आहे. गाभाऱ्याचा दिवा गायकाच्या मागे, थोडा तिरपा येईल अशी जागा संध्याकाळीच हेरा आणि तिथे आपला गमछा टाकून ठेवा. गायक मांडी घालून बसणार, तेव्हा तुम्हीही मांडी घालूनच बसायचं. उभ्याने काढलेल्या फोटोत टोप्याच दिसतात.

लेन्स दोनच पुरेत: ३५ आणि ५० मिलिमीटर, दोन्ही एफ १.८ च्या, म्हणजे तोंड मोठं उघडून भरपूर उजेड घेणाऱ्या. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर एकटी ३५ ची लेन्सही रात्र काढून नेते. ट्रायपॉड आणू नका, कोणीतरी त्यात अडखळतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० ते ६४०० लागणारच. दाणे दिसले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही. चेहऱ्यासाठी १/१२५, खंजिरीवरचा हात थांबवायचा तर १/२५० किंवा दिव्यांनी परवानगी दिली तर त्याहून वर. उलट कधी मुद्दाम १/३० ला या: गायक ओळ संपवून क्षणभर स्थिर होतो, हात मात्र चालूच असतो. चेहरा स्पष्ट आणि खंजिरी धूसर असा एखादा जमला तरी पुष्कळ. पांढरे सदरे आणि भगव्या टोप्या ट्यूबखाली फोटोत पटकन जळतात, तपशील जाऊन नुसता डाग उरतो, म्हणून एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा.

फोकसची खरी अडचण खंजिरीच करते. वादक ती तोंडासमोर उचलतो, झांजा चमकतात आणि ऑटोफोकस डोळे सोडून त्यांच्याकडे धावतो. चार फुटांवरून एफ १.८ ला फोकसमधली खोली काही इंचांचीच असते, तेव्हा चेहरा गेलाच. एकच फोकस बिंदू निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा, आणि जागा पक्की असेल तर लेन्सचं तोंड एफ २.८ पर्यंत लहान करा. फोकससाठी लागणारा लाल-नारिंगी दिवा मेनूतून बंद करा, बीप बंद करा, मागचा स्क्रीन मंद करा.

सुरुवातीची एक-दोन भजनं नुसती ऐका. ध्रुपद कितव्या ओळीनंतर परततं, कोरस कुठे उचलतो, ढोलकवाला कोणाकडे पाहून लय चढवतो, हे कळलं की पुढचं आधीच दिसायला लागतं. माझ्या मते मुख्य गायकापेक्षा मागचे कोरसवालेच जास्त फोटो देतात. गायकाला कॅमेऱ्याचं भान असतं, मागच्याला नसतं. भजन सुरू होण्याआधी बाहेर शेकोटी पेटली असेल तर तिथेही चक्कर टाका; दमट हवेत सैल झालेलं खंजिरीचं कातडं तापवून ताणत असतात, आणि त्या उजेडाची सर कुठल्या ट्यूबला येणार नाही.

पिशवीत बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून टाका, गावात चार्जिंगच्या भरवशावर राहू नका. लाईट गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत मंडळ थांबत नाही, मोबाईलच्या उजेडात गातं. तो वेळ फुकट घालवू नका. मऊ फडकं आणि ब्लोअर हवेच, कारण उदबत्तीची राख आणि बुक्का उडतो, आणि धानाच्या पट्ट्यात कापणीच्या दिवसांत दिव्यांभोवती किडे इतके येतात की उघड्या कॅमेऱ्यात लेन्स बदलणं धोक्याचं. बदलायचीच झाली तर दिव्यापासून दूर, पाठ फिरवून. डिसेंबर-जानेवारीतला कार्यक्रम असेल तर मफलर घ्या, आणि परतल्यावर गार कॅमेरा उबदार खोलीत लगेच उघडू नका, लेन्सवर दव जमतं. चपला पायरीवर न सोडता पिशवीत घालून जवळ ठेवा. शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते, तेव्हा मुक्कामाचं आधी ठरवा.

मंडळाचा एकत्र फोटो पहिल्या भजनाआधीच काढा. जयघोष झाला की अर्धे लोक महाप्रसादाच्या पंगतीत असतात आणि उरलेले ट्रॅक्टरमध्ये. बॅनरवरचं मंडळाचं नाव त्याच वेळी टिपून घ्या, बसलेल्यांची नावं डावीकडून लिहून घ्या, आणि मोबाईलवर फोटो पाठवले तरी त्या एकत्र फोटोची मोठी प्रिंट काढून आठवडाभरात अध्यक्षांच्या घरी पोहोचती करा. पुढच्या वर्षी फोन तिकडूनच येतो.