सीझनच्या आधी पोरांचे पाय कसे सांभाळायचे

कोल्हापुरात पेठेतल्या आमच्या फुटबॉल टीमचं सरावाचं काम माझ्याकडं आहे. शाहू स्टेडियमवर सीझन सुरू व्हायच्या आधी सहा आठवडे हातात ठेवा. त्याहून कमी असतील तर सराव सामन्यांचे निकाल विसरा. तिथं चार गोल खाल्ले म्हणून काही बिघडत नाही, मांडी धरून बसलेला स्ट्रायकर मात्र महागात पडतो.

पहिले दोन आठवडे रंकाळ्याकडेनं हलकं पळायचं, मग बॉल. स्प्रिंट हळूहळू वाढवा. वॉर्म-अपला 'फिफा ११+' हा दुखापती टाळायचा फिफाचा व्यायामांचा संच वापरा, वीस मिनिटांत होतो. त्यातला नॉर्डिक व्यायाम सोडू नका: गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढं झुकायचं. मांडीचा मागचा स्नायू याच्यानंच टिकतो. दुसऱ्या दिवशी पोरं शिव्या देतात, देऊ देत.

सराव सामन्यात आधी एकेकाला अर्धाच वेळ खेळवा.

घोटा मुरगळला तर चोळायचं नाही! आमच्याकडं तेल घेऊन धावणारे काका लई. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील तर थेट एक्स-रे. डोक्याला मार बसून गरगरलं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, मग समोर फायनल असली तरी.

मी स्वतः एकदा सुजलेल्या घोट्यावर खेळलो होतो. तो अजून पावसाळ्यात ठणकतो.