सोलापुरात शिकायला येणाऱ्या कॅथलिक मुलामुलींना

वसई, श्रीरामपूर, संगमनेरकडून इंजिनिअरिंगला, मेडिकलला किंवा केगावच्या विद्यापीठात आलेल्या मुलांनो, मीही वसईहून शिकायला आलो आणि इथलाच झालो. खोली आणि मेस सीनियर दाखवतील. मला बोलायचंय रविवारबद्दल.

गावी घंटा ऐकू येते, आई उठवते, मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकली तर शेजारीण विचारते. इथे कुणी विचारणार नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात फादरांना जाऊन भेटा. नाव, कॉलेज, हॉस्टेल सांगून ठेवा. सोलापूर पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या कार्यक्षेत्रात येतं. रिक्षावाल्याला मात्र नुसतं ‘चर्च’ म्हणू नका, ‘कॅथलिक चर्च’ म्हणा. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून इथे प्रोटेस्टंट मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्याशी स्नेह जोडा, ना. वा. टिळकांची भजनं त्यांच्याकडून ऐका. मिस्सा आणि पापनिवेदनाला आपल्या धर्मग्रामातच, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चमध्येच जा.

कॉलेजात आपले फादर का नसतात? राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मला हे योग्य वाटतं. विद्यापीठ सगळ्यांचं आहे. आपण आपलं जमावं, आणि धर्मग्रामाच्या हॉलमध्ये जमावं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १८९३ साली इंग्लंडचे कॅथलिक विचारवंत कार्डिनल न्यूमन यांच्या नावाने असाच क्लब काढला. आपल्याकडे १९२४ पासून ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन आहे, सगळे आयकफ म्हणतात. आपल्या भागात त्याचं काही चालतं का, हे फादरांना विचारा. नसेल तर चार जणांनी सुरुवात करा.

पण जमून फक्त गाणी आणि रोझरी एवढ्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मेडिकलच्या मुलीला गर्भपाताचा प्रश्न वॉर्डात भेटणार आहे. उत्क्रांती शिकताना बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा पहिला अध्याय कसा वाचायचा, हे कुणीतरी विचारणारच. जातीबद्दल हॉस्टेलमध्ये जे कानावर पडतं त्यावर ख्रिस्ती माणसाने गप्प बसावं का? हे प्रश्न फादरांसमोर मोकळेपणाने मांडा. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी होता, महास्फोटाची कल्पना मांडणारे लमेत्र धर्मगुरू होते. आपल्या श्रद्धेला विचारांची भीती नाही. शाळेतल्या धर्मशिक्षणाच्या शिदोरीवर पदवीची वर्षं निघत नाहीत.

गुड फ्रायडेला सुट्टी असते, आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, नसते. प्रॅक्टिकल असलं तरी संध्याकाळची मिस्सा गाठता येते. वेळ आधी विचारून ठेवा.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. मित्र बोलावतील, जा. नंदीध्वजांची मिरवणूक बघण्यासारखी असते. नाताळात त्याच मित्रांना चर्चमधला येशूजन्माचा गोठा बघायला आणा.

आणि मिस्सा संपली की लगेच हॉस्टेलकडे पळू नका. आवारात थांबा, मोठ्यांशी बोला. इथली कुटुंबं परगावच्या मुलांना जेवायला नेतात. शेंगाचटणी आणि भाकरीला नाही म्हणू नका.