डबल बास घेताना आधी खांदे बघा

पहिला डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या धाटणीचं, उभं धरून वाजवायचं माणसाहून उंच वाद्य, मी नादावर भाळून घेतला. दुकानात सरांनी मोकळी ई तार, म्हणजे सगळ्यात जाड, खर्जातली तार छेडली, पायाखालची फरशी थरारली आणि माझं तिथेच ठरलं. सर सहा फूट, मी पाच फूट एक इंच. हे तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही.

सहा-सात महिने छान गेले, कारण तोवर हात मानेवरच फिरत होता. अंगठा मानेमागून पुढे, तारांखालच्या बोटपट्टीवर घेऊन वाजवायची वेळ आली आणि अडकले. त्या बासचे खांदे, म्हणजे मानेलगतचा वरचा भाग, रुंद, चौकोनी. जी या सगळ्यात बारीक तारेच्या मध्यावरचा स्वर गाठायलाच वाद्यावर ओणवं व्हावं लागे. पुढचे स्वर मनगट मुरगाळून, श्वास रोखून. सर म्हणत, रियाज वाढव. वाढवला. माझा खांदा असा धरला की दोन महिने वाजवणं बंद. रियाजाने हात लांब होत नाही, हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

म्हणून दुकानात स्वतः वाजवा. एंडपिन, म्हणजे वाद्याखालची टेकूची सळई, आपल्या उंचीला लावा, अंगठा जी तारेच्या मध्यावर ठेवा आणि तिथून चार-पाच स्वर वर जा. पाठ वाकली किंवा दंड कडेला घासला, तर कितीही गोड वाजो, ते वाद्य सोडा. उतरते खांदे शोधा. उंची कमी म्हणून हिरमुसू नका. थ्री-फोर्थ (पाऊण) मापाचा बास, म्हणजे तारेची लांबी साधारण १०४ ते १०६ सेंटिमीटर, हेच बहुतेक व्यावसायिकांचं माप आहे. कमरेचे कोपरे गांबा या जुन्या वाद्यासारखे बोथट की व्हायोलिनसारखे टोकदार, यावर डोकं शिणवू नका.

नाद मात्र दुसऱ्याला वाजवायला लावून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐका.

मुंबईच्या हवेत पहिलं वाद्य प्लायचंच घ्यावं, फार तर तबली, म्हणजे पुढची फळी, कोरीव स्प्रूस लाकडाची. सपाट पाठीचं कोरीव वाद्य नवख्याने घेऊच नये: आतल्या आडव्या पट्ट्या पाठीइतक्या फुगत-आकसत नाहीत, मग पट्टी सुटते नाहीतर पाठ तडकते. कडेचा सांधा उकलला तर घाबरू नका. लाकूड फुटण्याआधी सांधा सुटावा म्हणूनच तो सरसाने जोडतात. सुताराचा पांढरा गोंद तिथे लावू देऊ नका. सांधा धरून राहील आणि तबली चिरेल.

तो मोठा बास मी विकला. आताचा प्लायचा, उतरत्या खांद्यांचा. ई तार तितकी घुमत नाही, पण बोटपट्टीच्या टोकापर्यंत मी ताठ पाठीने पोचते.