अवॉर्ड लेटर आलं, म्हणून कामाला लागू नका

प्लॅनिंगची मास्टर्स संपवून इथे अमेरिकेत ट्रेलच्या, म्हणजे सायकल आणि पायी वाटांच्या, कामात शिरलेल्या मराठी मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, ग्रँट लिहायला कुठे शिकायचं?" लिहायला याल हो. दोन अर्ज पडले की तिसरा बरा होतो. मला ज्याने आडवं केलं ते लिहिण्यात नव्हतंच, ते अर्ज मंजूर झाल्यावर आलं.

मिडवेस्टमधल्या एका काउंटीत माझी पहिली नोकरी. दोन ट्रेल होते आणि मध्ये अडीच मैलांचा गॅप. जुन्या रेल्वेमार्गावरची खडीची वाट एका रस्त्याशी येऊन थांबायची आणि समोर गार्डरेल. पलीकडे ५५ मैल वेगाने धावणारे ट्रक आणि रस्त्याच्या कडेला हातभर शोल्डर. शनिवारी सकाळी मी तिथे फोल्डिंगची खुर्ची टाकून क्लिकरवर सायकली मोजायचे. एक आजोबा आधी बायकोची सायकल उचलून गार्डरेलपलीकडे ठेवायचे, मग स्वतःची, आणि मग तिला हात द्यायचे. निम्मे लोक मात्र तिथूनच परत फिरायचे. ते परत फिरणारे मी वेगळ्या क्लिकरवर मोजले, आणि माझ्या मते अर्ज त्याच आकड्याने तारला.

गॅपचं महत्त्व पटत नसेल तर ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेजवर एकदा जाऊन या. पिट्सबर्ग ते कंबरलँड, १५० मैल. पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइलजवळ उघडला, शेवटचा २०१३ मध्ये. म्हणजे २७ वर्षं. पण कंबरलँडला तो सी अँड ओ कॅनॉलच्या काठच्या १८४.५ मैलांच्या वाटेला (टोपाथला) मिळतो, त्यामुळे आज पिट्सबर्गहून निघालेला माणूस थेट वॉशिंग्टनला पोचतो. तुकड्यांना ही किंमत नव्हती, जोडल्यावर आली.

आता मुद्द्याचं. आमच्या डिझाइनला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, पैसा मंजूर झाला, राज्याच्या वाहतूक खात्यामार्फत. एकूण ५ लाख डॉलर, त्यात ४ लाख त्यांचे, १ लाख आमचे. (इथेच एक ठेच: मॅच, म्हणजे आपला वाटा, २० टक्के असला तर तो *एकूण* खर्चाच्या २० टक्के. ४ लाखांचे २० टक्के काढून ८० हजार लिहिलेत तर २० हजारांचा खड्डा पडतो. असं लिहिणारे मी तीनदा पाहिलेत, त्यात एकदा आरशात.) पत्र आलं, पेढे नव्हते म्हणून डोनट वाटले. फेब्रुवारी संपत होता. सर्व्हेअरचा फोन आला: मार्चमध्ये माझा क्रू मोकळा आहे, झाडांना पानं फुटायच्या आत उरकू, नाहीतर मग नोव्हेंबर. ऐकायला किती शहाणपणाचं! मी हो म्हटलं. ३१ हजारांचं बिल आलं, मी ते पहिल्या इनव्हॉइसला जोडून पाठवलं, आणि एका ओळीचं उत्तर आलं: काम ऑथोरायझेशनच्या आधीचं आहे, देता येत नाही.

हे सावकाश वाचा, कारण मला कुणी सावकाश सांगितलं नव्हतं. अवॉर्ड म्हणजे "तुमची निवड झाली", एवढंच. त्यानंतर प्रकल्प एमपीओच्या (त्या भागाच्या वाहतूक नियोजन संस्थेच्या) टीआयपी नावाच्या यादीत आणि राज्याच्या एसटीआयपी यादीत जातो. मग राज्याशी करार. मग केंद्राचं फेडरल हायवे खातं त्या टप्प्याचा पैसा ऑथोराइज करतं, म्हणजे खर्चाला मंजुरी देतं. मग लेखी नोटीस टू प्रोसीड, म्हणजे काम सुरू करायची परवानगी. तिच्यावरची तारीख ही तुमची लक्ष्मणरेषा. तिच्या आदल्या दिवशी ठोकलेली खुंटीसुद्धा तुमच्या खिशातली. आणि नंतरसुद्धा पैसा आधी येत नाही. तुम्ही खर्च करायचा, पुरावे जोडायचे, मग परत मिळतो. आमचे ३१ हजारांतले २४,८०० परत यायचे होते, ते गेले. उरलेले ६,२०० मी मॅचमध्ये धरले होते, तेही बाद, कारण अपात्र खर्च मॅच म्हणूनही अपात्रच. आदल्या ऑक्टोबरात स्वयंसेवकांनी झुडपं तोडली होती, मॅचमध्ये धरलेले ते तासही त्याच कारणाने गेले. एक चूक, तीन भोकं.

चौथं नंतर कळलं. तारीख बरोबर असती तरी बिल अडकलं असतं, कारण सर्व्हेअर मी दोघांचे दर मागवून स्वस्तातला निवडला होता. डोक्यात आपलं एल-वन बसलेलं, सगळ्यात कमी दर त्याला काम! फेडरल पैशातल्या इंजिनिअरिंग कामाला इथे साधारणपणे पात्रतेवर निवड होते, दराची बोलणी नंतर. कोल्हापुरात सिव्हिल करून आलेल्या मुलीला हे उलटंच वाटणार.

मला नोकरीवरून काढलं नाही. तुम्हालाही काढणार नाहीत. डायरेक्टर एवढंच म्हणाले, "आता परत नाही करणार." ती रात्र मात्र वाईट गेली, तेव्हा ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याचे, सात महिने उरले होते.

बाकीचं भराभर. फेडरल पैशासाठी लागणारी सॅम डॉट गव्ह या साइटवरची नोंदणी दर वर्षी नवी करावी लागते, डेडलाइनच्या आठवड्यात हात लावू नका. फेडरल पैशाला दुसरा फेडरल पैसा सहसा मॅच म्हणून चालत नाही, राज्याचा चालतो. रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम हा अपवाद. काही राज्यं ट्रान्सपोर्टेशन अल्टरनेटिव्ह्ज या फेडरल निधीतून डिझाइनला दमडी देत नाहीत, फक्त बांधकामाला, आधी विचारा. आणि कायद्यातल्या आकड्यावर जीव टाकू नका: २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्याने गॅप जोडण्यासाठीच्या खास अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्टेशन प्रोग्रॅमला पाच वर्षांत १ अब्ज डॉलरची मुभा दिली, पण २०२४ मध्ये पहिली फेरी निघाली ती ४.४५ कोटींची. त्यातही बांधकामाचा प्रकल्प किमान दीड कोटीचा हवा होता. छोट्या गावाने अशा ठिकाणी एकट्याने जाऊ नये, शेजारच्या चार गावांना धरून जावं.

पाठिंब्याची पत्रं टेम्प्लेटवर काढू नका. चौदा पत्रांत एकच परिच्छेद दिसला की वाचणाऱ्याला हसू येतं. सायकल दुकानदाराचं वेड्यावाकड्या इंग्रजीतलं एक पत्र त्या चौदांना भारी. आणि मेंटॉर लिंक्डइनवर शोधायचं थांबवा. काउंटीच्या अकाउंट्समध्ये एक बाई असते, पंचवीस वर्षं तिथेच, चष्मा साखळीला. कुठलं बिल परत येणार हे तिला कागद न उलगडता कळतं. तिच्याकडे जा. मी उशिरा गेले.

पुढच्या टप्प्याला त्याच सर्व्हेअरचा परत मार्चमध्येच फोन आला. क्रू मोकळा, झाडं उघडी. मी म्हटलं, कागद नाही आला अजून. कागद मे महिन्यात आला, तोवर सगळं हिरवंगार. सर्व्हे नोव्हेंबरात झाला. गार्डरेल अजून तिथेच आहे, आजोबा हल्ली ई-बाइक आणतात, ती उचलायला मात्र दोघं लागतात.